अंतराचं बिल कुणाच्या नावावर?

(तुर्भ्यातल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातलं पाल्हाळ तेवढं काढलं, बाकी तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतली दोन पोरं हसली. ‘शहराची वाढ आणि वाहतुकीत जळणारी ऊर्जा.’ एक जण म्हणाला, हे इंजिनियर लोकांचं काम, आपल्याला काय करायचंय? त्याचं चुकलं नाही. आपल्याला असंच शिकवलंय. आरक्षण, अत्याचार, स्कॉलरशिप हे आपले विषय. पेट्रोल, वीज, रेल्वे, नकाशा हे त्यांचे विषय. अशी वाटणी कुणी केली? आणि आपण ती मुकाट्यानं का मान्य केली?

तर मी आईपासून सुरुवात करतो. म्हणजे विषय आपला आहे का त्यांचा, ते कळेल.

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आला. आधी खडी फोडायच्या कामावर, नंतर दगडखाणीत. इथं नवं शहर बांधायचं होतं, शहराला खडी लागते, खडीला माणूस लागतो. आई मागून आली. वाशीचे सेक्टर उभे राहिले तशी ती तिकडं धुणीभांडी करायला जायला लागली. तुर्भे स्टोअरपासून जायला चार किलोमीटर, यायला चार. सहा वर्षं पायी. बस होती, पण बसला पैसे पडतात आणि ते पैसे मीठमिरचीला पुरतात, हा तिचा हिशेब.

आता मी तिचा हिशेब इंजिनियरच्या भाषेत करतो. आठ किलोमीटर चालायला माणसाच्या अंगातली ढोबळ चारशे किलोकॅलरी जाते. जास्तच धरतोय मी, आई किडकिडीत होती. चारशे म्हणजे दोन-तीन भाकरी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण साडेसात हजार किलोकॅलरी असते. म्हणजे लिटरभर पेट्रोलच्या ऊर्जेत माझी आई अठरा-एकोणीस दिवस कामाला जाऊन येत होती.

आता बेलापूरचा एक साहेब घ्या. नाव नको, गाव नको, असे हजारो आहेत. त्याची कचेरी नरिमन पॉइंटला. जायला चाळीसेक किलोमीटर, यायला चाळीस. गाडीत एकटा. गाडी लिटरला पंधरा देते असं धरलं तरी दिवसाला पाच लिटरच्या वर. साहेबाचा एक दिवस म्हणजे माझ्या आईचे तीन महिने.

आणि वर्तमानपत्रात गर्दी, प्रदूषण, इंधनाची टंचाई यावर लेख येतो तेव्हा फोटो कुणाचा छापतात? आपल्या वस्तीचा. हसू नका. नीट बघा, आपलाच असतो.

म्हणून हा विषय आपला.

एका लिटरची गोष्ट

वाहतुकीत ऊर्जा किती जाते हे समजायला तीनच प्रश्न पुरतात. किती लांब जायचं? कशातून जायचं? आणि त्या गाडीत किती जण?

दुसरा आणि तिसरा प्रश्न आधी उरकू. गोल आकडे घेतो. कार लिटरला पंधरा किलोमीटर जाते, आत एक माणूस. लिटरमध्ये एक माणूस पंधरा किलोमीटर गेला. मोटरसायकल पन्नास देते, दोघं बसले तर हिशेब शंभरावर जातो. बस लिटरला चारच किलोमीटर जाते, ऐकायला वाईट वाटतं. पण आत साठ माणसं आहेत. चार गुणिले साठ, दोनशे चाळीस. कारच्या सोळापट. डिझेल-पेट्रोलचा थोडा फरक आहे तो सोडा. लोकल तर त्याहून पुढं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, घर्षण कमी. नव्या लोकल ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात, घेतलेल्या विजेतला सुमारे तिसरा हिस्सा परत येतो. आणि आपल्या हार्बर लाइनची एक गंमत सांगतो. हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली ती याच लाइनवर, ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला. शंभर वर्षं होऊन गेली.

आता पहिला प्रश्न. किती लांब? हाच खरा. कारण गाडी कुठलीही असो, अंतर दुप्पट झालं की बिल दुप्पट. आणि अंतर कोण ठरवतं? आपण ठरवत नाही. घर कुठं, काम कुठं, दोन्हीच्या मध्ये काय, हे शहराचा नकाशा ठरवतो. नकाशा माणसं काढतात. काढणाऱ्यांचं घर कामापासून लांब क्वचितच असतं.

ऑस्ट्रेलियातले दोन संशोधक आहेत, पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी. त्यांनी १९८९ मध्ये जगातल्या ३२ शहरांचा अभ्यास छापला. आकडे १९८० सालचे. माणशी पेट्रोल किती जळतं ते त्यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ते युरोपातल्या शहरांच्या जवळजवळ चौपट आणि टोकियो, सिंगापूर, हाँगकाँगच्या दहापट निघालं. ते म्हणाले, याचं कारण नुसती श्रीमंती नाही, नुसता पेट्रोलचा भाव नाही. ह्यूस्टनसारखं शहर पसरट वाढलं, घरं सुटी सुटी, दुकानाला जायचं तरी गाडी काढायची. हाँगकाँग दाटीनं वाढलं, पायाखाली रेल्वे. त्यांच्यावर टीका झाली, वाद झाले. पण मूळ गोष्ट कुणाला झटकता आली नाही. शहर ज्या आकारात वाढतं, त्या आकारात पुढची पन्नास वर्षं पेट्रोल जळत राहतं. रस्ता एकदा डांबरात ओतला की तो सवय होऊन बसतो.

फक्त त्या आलेखात एक रकाना नाही. दाटीत कोण राहतं आणि पसरटपणात कोण राहतं, हा. तो रकाना आपल्याला भरायचा आहे.

गिरणगाव आणि कोन

आपल्या मुंबईत पायी चालणारं एक शहर होतं. गिरणगाव. परळ, लालबाग, नायगाव, वरळी, डिलाइल रोड. गिरणीचा भोंगा झाला की चाळीतून माणूस उतरायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत खात्यात. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षं राहिले, त्या चाळीभोवती हेच जग होतं. लाखभर माणसं रोज कामाला जायची आणि पेट्रोलचा थेंब लागत नव्हता. आज जगभरचे नगररचनाकार परिषदा भरवून ज्याला आदर्श म्हणतात ते हेच.

मी त्याचे गोडवे गाणार नाही. दहा बाय दहाची खोली, त्यात आठ-दहा जण, संडासाला रांग. आणि जात तिथंही होती. विणखात्यात पगार जास्त, तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा भल्याभल्या पुढाऱ्यांची तोंडं कडू झाली. म्हणजे घर जवळ असलं की न्याय मिळतो असं मी म्हणत नाही. पण माणसाचे रोजचे तीन-चार तास आणि पगाराचा एक हिस्सा रस्त्यावर सांडत नव्हता, एवढं खरं.

१९८२ चा संप झाला. गिरण्या बसल्या. जमिनीचं काय झालं ते तुम्ही लोअर परळला उतरून बघा, मॉल आणि काचेच्या कचेऱ्या. आणि गिरणी कामगाराला घर कुठं दिलं? काही जणांना मुंबईत मिळालं. पण २०१६ च्या सोडतीत कामगारांच्या वाट्याला आलं ते पनवेलजवळचं कोन. लोअर परळहून कोन म्हणजे पन्नास-एक किलोमीटर. पुढं २०२४ मध्ये सरकारनं शेलू आणि वांगणीचं नाव काढलं, ते त्याहून लांब. २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात येऊन बसले, म्हणाले मुंबईत घाम गाळला, घर मुंबईत द्या.

तुम्ही म्हणाल, घर तर मिळालं ना? हाच मुद्दा आहे. सरकार घराची किंमत मोजतं. घरापासून कामापर्यंतच्या अंतराची किंमत मोजत नाही. ते बिल आयुष्यभर राहणाऱ्याच्या नावावर फाटतं. ज्या जागी माणूस चालत कामाला जात होता, त्या जागी आता पार्किंगचे सात-सात मजले आहेत. आणि चालणाऱ्याच्या पोराला कोनहून बस, रिक्षा, ट्रेन. एका जागेच्या उलथापालथीत दोन्ही टोकांना ऊर्जा वाढली.

नवं शहर, जुनी खोड

आता आपल्या नवी मुंबईकडे या.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ मासिकात कल्पना मांडली. मुंबई ही दक्षिणोत्तर लांबट पट्टी आहे. कामं सगळी दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला सरकत चाललेली. सकाळी सगळे एका दिशेनं, संध्याकाळी उलट्या दिशेनं. जाताना गाडी भरून फुटते, येताना रिकामी. यावर उपाय म्हणजे खाडीच्या पलीकडे दुसरं शहर वसवा, तिथं कामंही न्या. विचार वाईट नव्हता. मी तर म्हणेन चांगला होता.

१७ मार्च १९७० ला सिडको निघाली. ९५ गावांची जमीन. एकच मोठं शहर नको, नोड करा. वाशी, नेरूळ, बेलापूर अशी मण्यांची माळ, माळेचा धागा म्हणजे रेल्वे. प्रत्येक नोडात शाळा, बाजार, काम. माणसानं चालत स्टेशन गाठावं. वीस लाखांचं शहर. कागदावर हे ऊर्जा वाचवणारंच शहर होतं.

मग झालं काय?

पहिली गोष्ट, कामं आली नाहीत. राज्य सरकारनं स्वतः खाडी ओलांडायची असं ठरत होतं. मंत्रालय येईल, मागून कंपन्या येतील. पण त्याच वर्षांत बॅकबेत भराव टाकून नरिमन पॉइंटला टोलेजंग कचेऱ्या चढत होत्या. आणि १९८१ मध्ये नवं विधान भवन बांधलं ते कुठं? नरिमन पॉइंटलाच. बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आलं. म्हणजे लोकांना म्हणायचं तुम्ही पलीकडे राहायला जा, आणि स्वतः खुर्ची सोडायची नाही.

दुसरी गोष्ट. खाडीवरचा रस्त्याचा पूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला. मानखुर्द ते वाशी लोकल कधी आली? ९ मे १९९२ ला. जवळजवळ वीस वर्षं. माळ ओवायला घेतली आणि धागाच नाही. पनवेलपर्यंत लोकल जायला १९९८ उजाडलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत साठच्या दशकापासून माणूस राबतोय, त्या पट्ट्यात ठाण्याहून लोकल आली २००४ मध्ये. मधल्या काळात सिडकोची बीएमटीसीची बस होती, तीही ऐंशीच्या दशकात बंद पडली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी स्कूटर घेतली, मग मारुती घेतली. ज्यांच्याकडे नव्हता ते बसच्या दाराला लोंबकळले. वीस वर्षांत एक पिढी गाडीची होऊन गेली. नंतर रेल्वे आणून तुम्ही त्यांना गाडीतून उतरवू शकत नाही.

तिसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या रेल्वेचा पैसा कुणी दिला? दोन तृतीयांश सिडकोनं, एक तृतीयांश रेल्वेनं. सिडकोनं कुठून आणला? जमीन विकून. जमीन कुणाची? आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांची. त्या जमिनीचा रास्त मोबदला मागत १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईला लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातूनच साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. आपण रोज ज्या रुळावरून जातो त्याचा खर्च या लोकांच्या भाताच्या खाचरांनी भरलाय. दलित पोरानं आणि आगरी पोरानं एकमेकांकडे परके म्हणून बघायचं काही कारण नाही. एकाच नकाशानं दोघांना मोडलंय.

बरं, जे झालं ते सगळं वाईट असं म्हटलं तर तुम्ही मला खोटा म्हणाल. घाऊक बाजार मशीद बंदरच्या बोळांतून तुर्भे-वाशीला आला, त्यामुळं ट्रकांचं मुंबईत शिरणं कमी झालं. स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या बांधल्या, तिथला माणूस गाडीतून उतरला की ऑफिसात. हे बरोबर होतं. असंच सगळीकडे व्हायला हवं होतं.

‘अतिक्रमण’ कोण करतं?

आता या नोडांत आपण कुठं आहोत?

सेक्टर नंबरात आपण नाही. बाजारभावानं प्लॉट विकून शहर उभं करायचं म्हटल्यावर खडी फोडणाऱ्याला प्लॉट मिळणार नव्हताच. म्हणून तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, दिघा. एमआयडीसीच्या पाइपलाइनला खेटून, डोंगराच्या उतारावर, खाणीच्या कडेला. माणसानं घर बांधलं ते कामाच्या जवळ बांधलं. कुणी नगररचनाकार नव्हता सांगायला. पोटानं सांगितलं.

आणि म्हणून मी म्हणतो, या शहरात मूळ योजना कुणी पाळली असेल तर ती झोपडपट्टीनं पाळली. काम आणि घर चालण्याच्या अंतरावर. दाट वस्ती. खाली दुकान, वर खोली. माणशी पेट्रोल जवळजवळ शून्य. ज्या गोष्टीसाठी परदेशातून तज्ज्ञ बोलवायचे, ती आम्ही पत्र्यात आणि बांबूत करून दाखवली. पाणी नाही, गटार नाही, पट्टा नाही, हे मान्य. ते द्यायचं सोडून तिला नाव काय दिलं? अतिक्रमण.

माझी मावशी. एका कंपनीत ठेकेदाराकडे झाडूपोछ्याला होती. झोपडीपासून कंपनीचं गेट दहा मिनिटं. सकाळी सातची शिफ्ट, पावणेसातला निघायची. एके दिवशी बुलडोझर आला. कुठल्या कार्यालयाचा, ते सांगत बसत नाही. कागद मागितले. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा द्या. आधीचा पुरावा पुराच्या पाण्यात गेलेला. म्हणजे तारखेच्या पलीकडे गेलीस, तू या शहराची नाहीस. मावशीनं पनवेलच्या पुढं चाळीत स्वस्तातली खोली घेतली. मग पहाटे साडेचारला उठायचं, शेअर रिक्षा, पनवेलहून ठाण्याची लोकल, तुर्भ्याला उतरून पुन्हा चालायचं. एका बाजूला दीड-पावणेदोन तास. दोनदा उशीर झाला, ठेकेदारानं खाडा मांडला. तिसऱ्यांदा कामच गेलं.

आता हिशेब करा. आधी तिच्या कामाला शून्य इंधन. नंतर रोज साठेक किलोमीटर, रिक्षा आणि रेल्वे. शहराची ऊर्जा वाढली, गर्दी एका माणसानं वाढली, बाईचं काम गेलं. फायदा कुणाला झाला? कुठल्याही पर्यावरण अहवालात ही बाई सापडणार नाही. पण एक झोपडी पाडली की शहराचं अंतर वाढतं, हे तिच्याकडून शिकून घ्या.

पूल कुणाचा, टोल कुणाचा

आत्ताचं बघू.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. शिवडी ते न्हावा शेवा, जवळजवळ २२ किलोमीटर. मोठं काम आहे, बांधणाऱ्या कामगारांना सलाम. पण त्यावर रेल्वेचा रूळ नाही. मोटरसायकलला बंदी, रिक्षाला बंदी. कारला सुरुवातीला एका फेरीचे २५० रुपये. आमच्या कंत्राटी माणसाची निम्मी हजेरी. म्हणजे पूल बांधताना आपला घाम चालतो, चढताना आपलं वाहन चालत नाही. आणि नुसता वेळ वाचतो असं समजू नका. पूल झाला की पलीकडच्या जमिनीची जाहिरात येते, ‘मुंबईपासून वीस मिनिटं’. उलवे, पनवेल, त्याच्या पुढं ‘नैना’. २०१३ मध्ये नैना काढली तेव्हा त्यात २७० गावं होती. २०२५ मध्ये विमानतळही सुरू झालं. शहर पुन्हा पसरणार. रेल्वे आधी की गाड्या आधी, हा प्रश्न पुन्हा पन्नास वर्षांपूर्वीच्याच जागेवर उभा आहे. उरणपर्यंत लोकल पोचली २०२४ मध्ये. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये. चांगलं आहे. पण उशीर बघा, आणि पूल-रस्त्यांची घाई बघा.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा, पाठ करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्यात आपलं वाशी आणि ऐरोली आलं. मे २०२५ मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. सात महिन्यांत दोन निर्णय. पंधरावाल्याला माफी आणि दोनशे चाळीसवाल्याला दुप्पट भाडं. मगाशी केलेला लिटरचा हिशेब आठवा, आणि मला सांगा, ऊर्जा वाचवायची आहे हे कोण म्हणतंय?

विजेची गाडी आली म्हणून

काही जण म्हणतील, आता इलेक्ट्रिक कार आली, प्रश्न मिटला. नाही मिटला. धूर इथला गेला, पण वीज कुठून येते? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. कोळसा तिथं जळतो, राख तिथं उडते, तिथं आपलीच माणसं खोकतात. लोकललाही वीज लागते, हे मी लपवत नाही. म्हणून तर म्हणतो, युनिट मोजून वापरायचं. एक युनिट एका माणसाला लोखंडाचा डबा देऊन वापरायचं की शेकडोंना एका गाडीत घेऊन, हा प्रश्न बॅटरीनं सुटत नाही. आणि बॅटरीची गाडी मावशीचे साठ किलोमीटर कमी करत नाही.

वीज हा बाबासाहेबांचा विषय होता, हे किती जणांना माहीत आहे? १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. वीज त्यांच्याकडे होती. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावरच्या बैठकीत त्यांनी मांडणी केली. वीज कशासाठी, तर ती स्वस्त आणि मुबलक मिळून उद्योग वाढावेत आणि गरिबी हटावी यासाठी. म्हणजे ऊर्जा किती, या प्रश्नाच्या मागं ऊर्जा कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच लावून ठेवलाय. खेडं सोडा म्हणून त्यांनी आपल्याला सांगितलं. आपण सोडलं. पण शहरानं काय केलं? गावात वाडा गावाच्या बाहेर होता, अर्ध्या मैलावर. शहरानं तो पन्नास किलोमीटरवर नेला आणि लोकलचा पास काढायला लावला.

गर्दीचं कौतुक करणाऱ्यांना

शेवटची एक गोष्ट, कारण तुमच्यातला कुणीतरी हे विचारेलच. लोकल इतकी गच्च भरते म्हणजे ती जगातली सगळ्यात काटकसरी गाडी झाली, मग आपली तक्रार काय?

तक्रार ही. त्या काटकसरीतला अर्धा वाटा आपल्या बरगड्यांचा आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली आणि मेली. सकाळी कामाला निघालेली माणसं. विजेचं मीटर ते मोजत नाही. ज्या व्यवस्थेत एक जण गाडीत एकटा एसी लावून बसतो आणि दुसरा दाराबाहेर एका हातावर लोंबकळतो, तिथं सरासरी काढून ‘मुंबई काटकसरी’ म्हणणं हा लबाडीचा हिशेब आहे. सरासरीत साहेबाचं पेट्रोल लपतं आणि आपला जीव खपतो. आपल्याला साहेबाइतकं पेट्रोल नको आहे. आपल्याला आपलं अंतर कमी करून पाहिजे.

मग करायचं काय? टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. चार कामं सांगतो.

एक. प्रत्येकानं वही करायची. आपल्या गल्लीतला माणूस कुठं कामाला जातो, किती वाजता निघतो, कशातून जातो, किती पैसे जातात. नाव नको, फक्त हिशेब. सरकारकडे आपल्या अंतराचा रकाना नाही, आपण तयार करू.

दोन. घर मागताना नुसतं घर मागायचं नाही. कामाच्या जवळ घर, आहे त्या जागी घर, पट्टा, पाणी, गटार. कोण लांब पाठवायला निघाला तर त्याला वही दाखवून विचारायचं, या अंतराचं बिल तू भरणार का?

तीन. बस शिफ्टच्या वेळेला पाहिजे. सफाई कामगार, मार्केटातला माथाडी, हॉस्पिटलातली आया, हे लोक पहाटे आणि मध्यरात्री फिरतात. वेळापत्रक साहेबांच्या झोपेप्रमाणे लागतं. ते बदलायला परिवहनच्या दारात बसायचं. नवा पूल, नवा रस्ता निघाला की पहिला प्रश्न, बसची लेन कुठं आहे?

चार. चालायला जागा. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना आपल्या वस्तीतली माणसं चिरडली गेली आहेत. ऊर्जा वाचवणारा सगळ्यात मोठा शोध म्हणजे फुटपाथ आणि रस्ता ओलांडायला सोय. त्याला परदेशी कर्ज लागत नाही.

माझी आई आता चालू शकत नाही. दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, झीज झाली आहे. मी त्याला विचारलं नाही कशानं. मला माहीत आहे. रोजचे आठ किलोमीटर, सहा वर्षं. वाशीच्या कितीतरी घरांची भांडी वेळेवर घासली गेली, साहेब वेळेवर नरिमन पॉइंटला पोचले, त्याचं बिल तिच्या गुडघ्यातून वसूल झालं.

पुढच्या रविवारी वह्या घेऊन या. वही नसलेल्यानं नुसतं भाषण ऐकायला येऊ नये.

जयभीम.